नाके बंद, मनंही बंद

चीनने अरुणाचलमधल्या गावा-डोंगरांना स्वतःची नावं दिली की आपल्याकडे संताप उसळतो. उसळायलाच हवा. बलाढ्य शेजारी नकाशावर बोट ठेवतो तेव्हा पोटात काय ढवळतं, हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे. मग नेमकं हेच काठमांडूतल्या माणसाला भारताबद्दल वाटतं, हे आपल्या गळी का उतरत नाही?

ऑगस्ट २०१४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी नेपाळला गेले. भारतीय पंतप्रधानांचा सतरा वर्षांतला तो पहिला द्विपक्षीय दौरा. संविधान सभेत त्यांनी भाषणाची सुरुवात नेपाळीतून केली आणि सभागृह खूश झालं. पुढच्या वर्षी २५ एप्रिलला भूकंप झाला. जवळजवळ नऊ हजार माणसं गेली. भारताची बचावपथकं त्याच दिवशी काठमांडूत उतरली. दिल्लीने कमावलेली ही सद्भावना पाच महिनेही टिकली नाही.

२० सप्टेंबर २०१५ ला नेपाळने नवं संविधान जाहीर केलं. दोन दिवस आधी आपले परराष्ट्र सचिव तिथे जाऊन आले होते. भारताच्या सीमेलगतच्या तराईतल्या मधेशींना सोबत घ्या, हा त्यांचा आग्रह. त्यात तथ्य होतं. प्रांतांच्या सीमा, मतदारसंघ, नागरिकत्वाची कलमं यांवरून मधेशी आणि थारू समाज रस्त्यावर होता. चाळीसहून अधिक माणसं त्यात मारली गेली होती. पण सल्ला मानला गेला नाही, आणि काही दिवसांतच रक्सौल-बीरगंज नाक्यावर मालाचे ट्रक थांबले.

भारत म्हणाला, आम्ही नाकेबंदी केलेलीच नाही. पलीकडे आंदोलन आहे, चालक घाबरतात. नेपाळ म्हणाला, जिथे आंदोलन नाही त्या नाक्यांवरही टँकर का अडले? या प्रश्नाचं पटेल असं उत्तर दिल्लीने कधीच दिलं नाही.

नेपाळला इंधन पुरवणारी कंपनी तेव्हा एकच होती, आपली इंडियन ऑइल. तो पुरवठा आटला. गॅसच्या टाक्या अर्ध्याच भरून मिळू लागल्या. राजधानीत लोक लाकडं पेटवून स्वयंपाक करू लागले. भूकंपात घरं गेलेली कुटुंबं पत्र्याखाली आणि ताडपत्रीखाली हिवाळा काढत होती. नोव्हेंबरच्या अखेरीस युनिसेफने इशारा दिला की इंधन, अन्न, औषधं आणि लसींच्या टंचाईमुळे पाच वर्षांखालच्या तीस लाखांहून अधिक मुलांच्या जिवाला आणि आरोग्याला धोका आहे. राग पुढाऱ्यांवर आणि झळ तान्ह्या मुलांना! हे माझ्या देशाच्या सीमेवर घडलं, याची मला आजही लाज वाटते.

बरं, एवढं करून हाती काय लागलं? मधेशींना जानेवारी २०१६ मध्ये एक घटनादुरुस्ती मिळाली, ती त्यांच्याच पक्षांनी अपुरी म्हणून नाकारली. फेब्रुवारीत नाके उघडले. मार्चमध्ये नेपाळचे पंतप्रधान खड्गप्रसाद ओली बीजिंगला गेले आणि चीनच्या बंदरांकडे जाण्याचा पारवहन करार करून परतले. २०१७ च्या निवडणुकीत भारतापुढे न झुकलेला नेता म्हणून त्यांनी मतं मागितली आणि त्यांच्या डाव्या आघाडीने दोन-तृतीयांशांच्या जवळ मजल मारली. ज्याला नमवायचं होतं त्यालाच आपण खुर्चीत पक्कं बसवलं.

दोष एका पक्षाचा नाही. १९८९ मध्ये व्यापार आणि पारवहनाच्या करारांची मुदत संपली तेव्हा राजीव गांधींच्या सरकारने दोन नाके सोडून बाकीचे बंद केले होते. दिल्लीत सरकारं बदलली, रागवायची रीत बदलली नाही.

लिपुलेख खिंडीवरून भारत-नेपाळ सीमावाद २०२० मध्ये पेटला, तेव्हा लष्करप्रमुख जनरल मनोज नरवणे यांनी नेपाळ दुसऱ्या कुणाच्या तरी सांगण्यावरून हा विषय काढत असावा, असं जाहीरपणे सुचवलं. लहान देशाला स्वतःचा राग असू शकतो, हेच आपल्याला मान्य नाही. २०२२ मध्ये भारतीय सैन्यातल्या अल्पमुदतीच्या भरतीची अग्निपथ योजना आली. आम्हाला विचारलंच नाही, १९४७ च्या त्रिपक्षीय करारात हे बसत नाही, असं म्हणत नेपाळने भरती थांबवली. पिढ्यान्‌पिढ्या भारतीय सैन्यात येणाऱ्या नेपाळी गोरख्यांची वाट तेव्हापासून बंद आहे.

चांगलंही बरंच झालं आहे. मोतिहारी ते अमलेखगंज ही ६९ किलोमीटरची तेलवाहिनी २०१९ पासून सुरू आहे. दहा वर्षांत दहा हजार मेगावॅट वीज घेण्याचा करार २०२४ मध्ये झाला. पण चिनी पैसा लागलेल्या प्रकल्पाची वीज भारत घेत नाही. म्हणजे नेपाळने आपल्या नद्यांवर कुणाच्या पैशाने धरणं बांधायची, याचाही निकाल अखेर दिल्लीच देते.

मुंबई-पुण्यातल्या सोसायट्यांच्या फाटकांवर आणि हॉटेलांच्या भटारखान्यांत राबणारे नेपाळी इथे व्हिसाशिवाय राहतात, कमावतात, ते १९५० च्या मैत्री कराराच्या आधारावर. त्या करारातलं कालबाह्य काय, हे तपासायला दोन्ही देशांनी मिळून मान्यवरांचा गट नेमला. भारताच्या बाजूचं नेतृत्व भगतसिंह कोश्यारींकडे होतं, जे पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. गटाचा अहवाल २०१८ मध्ये एकमताने तयार झाला. कोश्यारींची राजभवनातली तीन वर्षांहून मोठी कारकीर्द संपली, तरी स्वतःच नेमलेल्या माणसांचा अहवाल दिल्लीने हातात घेतला नाही.

तो आधी स्वीकारा. छापा. न पटणारी कलमं कारणं देऊन खोडा. त्यावर वाटाघाट तरी होईल. आणि पुढे कधी काठमांडूत नावडतं सरकार आलं, तर नाक्यावरचा पहिला टँकर अडवण्याआधी २०१६ चा मार्च महिना आठवा. तेव्हा ओली कुठे गेले होते आणि त्यांना तिकडे कुणी ढकललं होतं, याचं उत्तर साउथ ब्लॉकला नक्की माहीत आहे.