कॉपी-माहात्म्य

चिंचोळी एमआयडीसीत प्रिसिजन कॅमशाफ्ट्सचा कारखाना आहे. इंजिनाच्या झडपा उघडणाऱ्या कॅमशाफ्टचे खानदान मोठे. तीन सिलिंडरचा, चार सिलिंडरचा, पेट्रोलचा, डिझेलचा. तोंडवळा एक, पण लोबची उंची वेगळी, जर्नलचा व्यास वेगळा. अशा भावंडांच्या मागण्या, म्हणजे कुणाचे माप काय असावे, हे लिहून कसे ठेवायचे, हा प्रश्न यंत्रे बनवणाऱ्या साऱ्या जगाला पडतो. जगाने त्यावर शोधलेला उपाय म्हणजे कॉपी. तिचे गुण गावे तेवढे थोडे.

नवा पार्ट आला की थोरल्याची फाईल उघडावी, 'सेव्ह अ‍ॅज' करावे, नाव बदलावे. झाले काम. समान काय, वेगळे काय हे ठरवत बसणारा सहकारी आठवडा घालवतो, वर "हे माप इथे का?" असे विचारून चारचौघांचा चहा कडू करतो. कॉपी काही विचारत नाही. ती माप उचलते, कारण मागे ठेवते. कारणच ठाऊक नसले की माप बदलायची कुणाची छाती होत नाही. परंपरा अशाच टिकतात.

१ एप्रिल २०२० ला गाड्यांच्या धुराचे बीएस-६ नियम लागू झाले. नियम एक, धक्का इंजिनांच्या अख्ख्या खानदानाला. समान मागणी एकदाच लिहिणारे लोक ती एकाच जागी बदलतात आणि वेळेत घरी जातात. कॉपीवाल्यांना प्रत्येक फाईल उघडण्याचा रोजगार मिळतो. एखादी राहून गेलीच, तर ती ग्राहक शोधून देतो, बॅच पोचल्यावर.

कॉपीची कीर्ती आकाशातही पोचली. एरियन-४ रॉकेटच्या दिशादर्शक यंत्रणेतले सॉफ्टवेअर एरियन-५ मध्ये गेले. उड्डाणानंतरही सुमारे चाळीस सेकंद चालणारी त्यातली एक क्रिया थोरल्यासाठी ठेवलेली होती. धाकट्याला तिची गरजच नव्हती. धाकट्याचा आडवा वेग जास्त, त्याच्याशी जोडलेला आकडा सोळा बिटांत मावेना. ४ जून १९९६ रोजी पहिल्याच उड्डाणात, मिनिटभराच्या आत, रॉकेटचे तुकडे झाले. सॉफ्टवेअरने मागणी तंतोतंत पाळली होती. मागणी तेवढी दुसऱ्या रॉकेटची होती.

आता फलश्रुती. हे माहात्म्य वाचून कुणाला कॉपी सोडावीशी वाटली, तर तीन कामे आहेत. समान ते एकदाच लिहायचे. वेगळे ते वेगळे लिहायचे. प्रत्येक मापाशेजारी त्याचे कारण लिहायचे. तिसरे सर्वांत कंटाळवाणे. पण जाणकार साहेब निवृत्त झाल्यावर, रात्रपाळीला मशीनवर उभ्या असलेल्या पोराला ते माप का पाळायचे हे सांगणारे दुसरे कुणी नसते.