अंशराव

लग्नाच्या जेवणात स्वतःचा डबा उघडणारा एक गृहस्थ प्रत्येक कॉलनीच्या नशिबी असतोच. आमच्या वाट्याला अंशराव आले. त्यांचं खरं नाव वेगळं आहे, पण ते आता फक्त विजेच्या बिलावर उरलंय.

नागपूर, मे महिना, त्यातून नवतपा सुरू झालेला. मंगल कार्यालयात वडाभाताचा वास सुटलेला, पाटोडीच्या रश्श्यावर लाल तर्री तरंगते आहे, आणि अंशराव कोपऱ्यातल्या टेबलावर मोड आलेल्या मुगांचा डबा उघडून बसलेले. शर्टाच्या खिशातून त्यांनी सुईचा डिजिटल थर्मामीटर काढला, मुगात खुपसला, आकडा स्थिर होईपर्यंत थांबले आणि जड आवाजात म्हणाले,

"गेले."

आग्रह करायला आलेल्या वधूच्या मामांच्या हातातली जिलबी तिथंच थांबली. "कोण गेलं?"

"मूग. एक्कावन्न दाखवतंय. डबा डिकीत राहिला ना!"

मामांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि जिलबी माझ्या पानात वाढली.

अंशराव कच्चं खातात. नुसतं कच्चं खाणारे पुष्कळ असतात, यांचं मोजून असतं. या पंथाची लक्ष्मणरेषा ११८ फॅरनहाइटला आहे, म्हणजे सेल्सियसमध्ये जवळजवळ ४८. त्याच्या वर अन्न तापलं की त्यातली एन्झाइम्स मरतात आणि अन्न 'जातं', असं हे लोक मानतात. पंथातले काही कडवे ४२लाच थांबतात. अंशराव ४८वाले, म्हणजे त्यातल्या त्यात मवाळ. पण हा नियम ज्यांनी कुणी केला त्यांनी मे महिन्यातलं नागपूर पाहिलेलं नसणार. इथं सावलीतला पारा ४५च्या वर जातो. गच्चीच्या फरशीवर कुरडया वाळतात त्या तर राजरोस शिजतच असतील. सूर्यनारायणच गॅस पेटवून बसल्यावर माणसानं कच्चं खायचं तरी कुठं? अंशराव रस्त्याकडेच्या टरबुजात सुई खुपसून "एक्केचाळीस! वाचलं!" असं ओरडतात, तेव्हा टरबूजवाला आता मुळीच दचकत नाही. सुई खुपसली की टरबूज घ्यावं लागेल, एवढंच तो सांगतो.

आमच्या कॉलनीतल्या डॉक्टरांनी एकदा त्यांना समजावलं होतं. "अहो, ही वनस्पतींची एन्झाइम्स तुमच्या जठरातल्या आम्लात गेली की तशीही निकामीच होतात बहुतेक."

"होऊ देत," अंशराव म्हणाले. "माझ्या हातून नको."

तापमानाचं हे वेड आहारातून आलेलं नाही, ते नोकरीतून आलंय. सगळी हयात वीजखात्यात गेली, ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचं तापमान वहीत टिपण्यात. निवृत्तीनंतर ट्रान्सफॉर्मर गेला, वही राहिली. डाव्या रकान्यात पदार्थ, उजव्यात अंश. 'गाजर कीस ३४. काकडी ३१. बाजूच्यांकडचा चहा ७९ (गेला).' बाजूचे म्हणजे आम्ही.

वादात त्यांचं शेवटचं शस्त्र गांधीजी. १९२९च्या उन्हाळ्यात गांधीजींनी खरंच कच्च्या आहाराचा प्रयोग केला होता आणि 'यंग इंडिया'त पाककृतीसुद्धा मापासकट छापली होती. आठ तोळे मोड आलेले गहू, आठ तोळे वाटलेले बदाम, आठ तोळे वाटलेला हिरवा पाला, सहा लिंबं, दोन औंस मध. अंशरावांना ती तोंडपाठ आहे. पुढं गांधीजींना आव झाली, प्रयोग थांबवावा लागला आणि तेही त्यांनी त्याच प्रामाणिकपणानं छापलं, हा भाग मात्र अंशरावांच्या पाठांतरात नाही. त्यांचे गांधीजी जूनमध्येच थांबतात.

आता एक गोष्ट आपल्यातल्या आपल्यात बोलायला हरकत नाही. मराठी पानाची डावी बाजू पिढ्यान्‌पिढ्या कच्चीच आहे. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. चैत्रातल्या हळदीकुंकवाला कैरीची डाळ होते, ती भिजवून वाटलेली, चूल न पाहिलेली. इकडे विदर्भात मेथीचा घोळाणा करतात. कोवळी मेथी, कांदा, दाण्याचं कूट, तिखट-मीठ, कच्चं तेल, आणि भाकरीबरोबर लगेच खाऊन टाकायचा. अंशरावांनी काय केलं, तर पानाची उजवी बाजू रद्द केली आणि डावीला तत्त्वज्ञान जोडलं. पण पाहुण्यांसमोर हाच घोळाणा ते 'लिव्हिंग ग्रीन्स' म्हणून ठेवतात. शिवाय कूट भाजक्या दाण्यांचं चालत नाही आणि डाळीवर, कोशिंबिरीवर फोडणीला बंदी. फोडणीचं तेल दोनशेच्या घरात जातं. मोहरी तडतडली की अंशराव नातेवाईकाची बातमी कळल्यासारखे मान खाली घालतात.

त्यांची सर्वांत मोठी पडझड दडपे पोह्यांवर झाली. पातळ पोहे, ओलं खोबरं, कांदा, कैरी, लिंबू; सगळं कालवून वर वजन ठेवायचं. गॅस नाही, धूर नाही. अंशराव या पदार्थावर इतके खूश की त्यांनी कॉलनीभर वाटला. काकू म्हणजे अंशरावांच्या मंडळी. त्या तोवर गप्प होत्या. बश्या गोळा करता करता सहज म्हणाल्या, "पोहे भट्टीतूनच येतात, ठाऊक आहे ना? धान भिजवतात, भाजतात, मग चेपतात."

अंशरावांचा चेहरा पडला. त्याच बैठकीत काकूंनी गुळाचंही सांगून टाकलं. कढईत रस आटवतात तो शंभराच्या पुष्कळ वर जातो. सोललेला काजू तरी कुठला कच्चा? टरफल फुटायच्या आधी त्याला भाजतात नाहीतर वाफवतात. तीन वाक्यांत तीन डबे रिकामे झाले. वहीत त्या रात्री पोहे, गूळ आणि काजू यांच्यापुढं एकच शब्द लिहिला गेला. कोणता ते तुम्हाला कळलंच असेल.

काकूंना हे सगळं ठाऊक असणारच, कारण या प्रयोगाचं स्वयंपाकघर त्याच चालवतात. अंशराव पाहुण्यांना अभिमानानं सांगतात, "आमच्याकडे स्वयंपाक बंद!" आणि आतून मिक्सरचा आवाज येत असतो. रात्री मूग, मटकी, गहू, बदाम वेगवेगळ्या भांड्यांत भिजत घालायचे. पहाटे उपसायचे. मूग-मटकी फडक्यात बांधायची आणि आमच्याकडच्या उन्हाळ्यात त्यावर सारखा पाण्याचा हबका मारत राहायचा, नाहीतर मोड यायच्या आधी आंबूस वास येतो. नारळ खवायचा, गाजर किसायचं, बदाम एकेक करून सोलायचे, वाटायचे, गाळायचे. दुधीच्या शेवया काढायच्या आधी त्याची एक चकती जिभेवर ठेवून बघायची, कारण कडू दुधी कच्चा पोटात गेला तर विषबाधा होते. ही चकती कोण चाखतं ते वेगळं सांगत नाही. घोळाणा आधी करून ठेवला तर पाणी सुटतं, म्हणून तो 'अहो, बसतोय हं' अशी हाक आल्यावरच. एवढं झालं की मग काकूंनी स्वतःपुरता वरणभात लावायचा.

कुणी कृती विचारली तर अंशराव आरामखुर्चीतून सांगतात, "अगदी सोपं. भिजवायचं, उपसायचं, बांधायचं, मोड आणायचे, किसायचं, कालवायचं, झालं!" या सगळ्या क्रियापदांचा कर्ता आत बदाम सोलत बसलेला असतो. वर महिन्याकाठी सिलिंडर किती दिवस जास्त पुरलं याचा हिशेबही पाहुण्यांना ऐकवला जातो. काकूंचे दिवस कुठल्याच रकान्यात नाहीत.

माझ्या मुलीनं त्यांना एकदा रिचर्ड रँगम यांच्याबद्दल सांगितलं. हार्वर्डच्या या मानववंशशास्त्रज्ञांचं २००९चं एक पुस्तक आहे, 'कॅचिंग फायर'. आपल्या पूर्वजांनी अन्न शिजवायला सुरुवात केली म्हणून पोट लहान झालं, मेंदू मोठा झाला आणि माणूस माणूस झाला, असं त्यांचं म्हणणं. चिंपांझी कच्चं खातो, त्यामुळे त्याचे दिवसाचे सहाएक तास चावण्यातच जातात.

अंशरावांनी शांतपणे ऐकून घेतलं. "मला कुठं जायचंय? मी रिटायर आहे."

यावर मुलीला उत्तर सुचलं नाही. मलाही.

असा हा माणूस. त्याच्याविषयी बरं काही लिहायचं माझ्या मनात नव्हतं, पण नवतप्यातल्या एका रात्रीचा उल्लेख टाळता येत नाही. साडेबाराला कोपऱ्यावरची डीपी उडाली. कूलर, एसी, पंखे सगळं ठप्प. कॉलनीतला प्रत्येक पुरुष बाल्कनीत उभा राहून वीजखात्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करू लागला. मीही त्यात होतो आणि माझा आवाज चांगला लागला होता. अंशराव तेवढे खाली उतरले. लाइनमन पोरं आली तेव्हा हे टॉर्च धरून उभे. कुठला डीओ फ्यूज उडाला असेल, लोड कुठल्या फेजवर जास्त आहे, हे पोरांना शिडी लावायच्या आतच सांगून मोकळे. पोरं त्यांना 'मोठे साहेब' म्हणत होती. प्रत्येकाच्या घरचं ते नावानिशी विचारत होते. हे साहेब पूर्वी पावसाळी रात्री जीपमध्ये झोपायचे, कारण घरी गेलं तर परत यायला वेळ लागतो, हे मला त्या पोरांपैकी एकाकडून कळलं. शेजारी राहून इतकी वर्षं कळलं नव्हतं.

सप्लाय बंद केल्यावर अंशरावांनी खिशातून थर्मामीटर काढला आणि डीपीतल्या ट्रान्सफॉर्मरच्या टाकीला टेकवला. त्र्याऐंशी.

"गेली का जी?" पोरानं विचारलं.

"छे! हिला नव्वदपर्यंत चालतं," अंशराव म्हणाले आणि टाकीवरची धूळ त्यांनी तळव्यानं पुसली. जगात ४८च्या वर सवलत मिळालेली ही एकच वस्तू. एवढ्या मायेनं त्यांना मी दुधीकडेसुद्धा बघताना पाहिलेलं नाही.

दोनच्या सुमारास काम आटोपत आलं. पोरं घामानं निथळत होती, त्यातल्या एकानं चहाचं नाव काढलं. अंशराव काही न बोलता घरात गेले. स्वयंपाकघराच्या खिडकीत गॅसची निळी ज्योत दिसली तेव्हा समोरच्या बाल्कनीतल्यांनी वीजखात्याला शिव्या देणं थांबवलं. अंशरावांनी गॅस पेटवला होता! थोड्या वेळानं ते स्वतः गंज आणि पेले घेऊन बाहेर आले.

पोरानं एक घोट घेतला. जोडीदाराकडे पाहिलं. त्यानंही घेतला.

"साहेब... हा तापवाचा राह्यला का जी?"

"सत्तेचाळीसला उतरवलाय," अंशराव म्हणाले. "दूध बदामाचं आहे. साखर नाही, मध घातलाय."

पोरं मोठ्या साहेबांचा मान राखून पेल्यात बघत राहिली. तेवढ्यात काकू पदर खोचत फाटकापाशी आल्या. त्यांनी गंज उचलला, पेले गोळा केले, आणि आत जाता जाता अंशरावांच्या खिशातला थर्मामीटरही काढून घेतला.

"पाचच मिनिटं थांबा रे," त्या पोरांना म्हणाल्या. "आलं घालून आणते. उकळलेला."