अगं बाई, अजून काहीच झालं नाही म्हणे!

ऐकलंत का? गोरेगावात सध्या जे चाललंय ते सांगायला जीभ रेटत नाही, आणि सांगितल्याशिवाय राहवतही नाही. जयप्रकाश नगरपासून गोकुळधामपर्यंत, बांगूर नगरपासून मोतीलाल नगरपर्यंत, चांगली कमावती, एरवी चार माणसांत बरी वागणारी मुलं-मुली रात्री अकरानंतर पांघरुणात तोंड खुपसतात आणि फोनवर परक्या माणसांचे फोटो सरकवत बसतात. डावीकडे म्हणजे नको. उजवीकडे म्हणजे चालेल. दोघांनीही एकमेकांना उजवीकडे सरकवलं की झाली ‘मॅच’. शेजारच्या खोलीत आई-वडील, देव्हाऱ्यात देव, आणि पोरगी इकडे उजवीकडे सरकवतेय! शिव शिव शिव.

आता तुम्ही कान टवकारून विचाराल, मग पुढे काय झालं? तीच तर भानगड आहे. पुढे काहीच झालं नाही! तीन-तीन वर्षं या डेटिंग ॲपवर असलेली मुलं आहेत आणि एकाच्याही नावावर धड लफडं नाही.

आमची धास्ती वेगळीच होती हो. टिंडर नावाचं ॲप 2012 मध्ये अमेरिकेत निघालं, तेव्हा तिकडचीच थेरं म्हणून आपण सोडून दिलं. 2016 मध्ये त्यांनी भारतात कचेरी थाटली आणि जाहिरात कुठली काढावी? मुलगी नटूनथटून ॲपवरच्या मुलाला भेटायला निघते आणि आई कौतुकाने बघते! मग डिसेंबर 2018 मध्ये प्रियांका चोप्राला पुढे करून बंबल नावाचं दुसरं ॲप आलं. तिथे तेव्हा पहिला निरोप मुलीने पाठवायचा, तोही चोवीस तासांच्या आत, नाहीतर मॅच बाद. आम्ही म्हटलं, आता संस्कृती बुडतेय. आरेतल्या छोटा काश्मीर बागेत बाकावर जागा मिळायची नाही. आम्ही पदर खोचून तयार बसलो. बुडायला कोणी आलंच नाही!

असं का, म्हणून मजल्यामजल्यावर चौकशी केली. (चौकशी म्हणा, भोचकपणा म्हणा, आमची ना नाही.) पहिली रड अंतराची. ॲप सांगतं, स्थळ अवघं तीन-चार किलोमीटरवर आहे. पण ते अंतर मोजतं सरळ रेषेत, कावळा उडाल्यासारखं. मुलगा बांगूर नगरचा, मुलगी गोकुळधामची, म्हणजे मधे लिंक रोड, एस. व्ही. रोड, रेल्वेचे रूळ आणि हायवे. संध्याकाळी सात वाजता मृणालताई गोरे उड्डाणपुलावर रिक्षा अडकली की प्रेम, मीटर आणि उत्साह यांतलं फक्त मीटरच पुढे सरकतं. पूर्वेकडच्यांचं दुःख तर निराळंच. त्यांनी ॲपवर पाच किलोमीटरचं वर्तुळ टाकलं की निम्म्या वर्तुळात आरेचं जंगल येतं. तिकडून उजवीकडे सरकवणारा असलाच तर बिबट्या.

दुसरी रड चित्रनगरीची. शेजारी दादासाहेब फाळके चित्रनगरी असल्याची फुशारकी आपण उगाच मारतो. तिच्या आजूबाजूला, मालाडपासून ओशिवऱ्यापर्यंत, भाड्याच्या खोल्यांत किती होतकरू नट राहतात याचा हिशेब आहे का? ती मंडळीही याच ॲपवर, आणि फोटो साधेसुधे नव्हेत, पोर्टफोलिओतले! बाजूने प्रकाश, अर्धा चेहरा अंधारात, शर्टाची बटणं हवापालटाला गेलेली. त्यांच्या रांगेत आमचा नेस्कोच्या आयटी पार्कमधला मुलगा उभा, मावशीच्या लग्नातला ग्रुप फोटो कापून. कोपऱ्यात काकांचा हात अजून दिसतोय. कोण बघणार?

त्यात टिंडर पूर्वी प्रत्येकाला गुपचूप गुणही द्यायचं. तुम्हाला किती जणांनी पसंत केलं, आणि पसंत करणाऱ्यांचा स्वतःचा भाव काय, त्यावरून तुमचा भाव ठरायचा. 2019 मध्ये त्यांनी सांगितलं, ती पद्धत आता आम्ही ठेवलेली नाही. बरं झालं. पत्रिकेतले छत्तीस गुण निदान गुरुजी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचे.

आता मुलगे रडतात, मॅचच होत नाही. मुली रडतात, मॅचचा नुसता पूर आलाय. दोघंही खरं बोलतात, बरं का. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या संशोधकांनी 2016 मध्ये टिंडरवर खोटी प्रोफाइलं टाकून पाहिली. पुरुषांच्या प्रोफाइलांना शंभरामागे एकसुद्धा मॅच मिळेना, बायकांच्या प्रोफाइलांना शंभरामागे दहाच्या आसपास मिळाल्या. मुलगे दिसेल तिला उजवीकडे सरकवतात, लागला तर मटका. त्यामुळे मुलींकडे गर्दी होते, म्हणून त्या फार पारखून घेतात. मग मुलग्यांना आणखी कमी मिळतं, म्हणून ते आणखीच आंधळेपणाने सरकवतात. असा हा फेरा.

आणि मुलींनी पारखू नये तर काय करावं? पहिल्याच निरोपात नको ते लिहिणारे महाभाग तिथे आहेत. उंची पाच फूट दहा इंच लिहिणारे आहेत, जी फक्त ओबेरॉय मॉलच्या सरकत्या जिन्यावर एक पायरी वर उभं राहिल्यावर भरते. ‘अविवाहित’ लिहिणारे विवाहितही आहेत. एका मुलीने रात्री फोटो सरकवता सरकवता समोर पाहिलं तर आपल्याच सोसायटीतले काका, गॉगल लावून, मोटारसायकलवर! मोटारसायकल त्यांची नव्हेच. नाव सांगायची आपली पद्धत नाही. बी विंग, एवढंच.

समजा, नशिबाने मॅच झाली. मग गप्पा सुरू. “हाय.” “हाय.” “काय करतेस?” “निवांत. तू?” “मी पण निवांत.” अहो, दोघंही एवढी निवांत, तर भेटा ना! नाही. तो एकाच वेळी पाचजणींशी निवांत, ती सातजणांशी. प्रत्येकाला तेच सांगायचं: नोकरी कुठे, मूळ गाव कुठलं, डोंगर आवडतात की समुद्र. परिचयाच्या ओळीही सगळ्यांच्या सारख्या. फिरायला आवडतं, कुत्री आवडतात, खोटारडी माणसं आवडत नाहीत. जणू बाकीच्या जगाला खोटारडी माणसं जीव की प्राण! चौथ्या दिवशी एकजण उत्तर द्यायचं थांबतो आणि विषय संपतो.

जी भेटीपर्यंत पोचली त्यांचीही गत ऐका. ऑगस्ट 2024 मध्ये अंधेरीतल्या एका क्लबची केवढी बोंब झाली होती, आठवतं? ॲपवर ओळख झालेली मुलगी तिथेच भेटायचा आग्रह धरायची, महागडी पेयं मागवायची आणि काहीतरी निमित्त काढून पसार व्हायची. मागे मुलगा आणि वीस हजारांपासून साठ हजारांपर्यंतचं बिल. हे असले किस्से कानावर पडल्यावर भेटायच्या आधीच दोघं एकमेकांकडे संशयाने बघतात. ती मैत्रिणीला लोकेशन पाठवून ठेवते, तो मेनूकार्डातली उजवी बाजू आधी वाचतो.

पण सगळ्यात जिव्हारी लागतं ते नकार न कळवणं. याला मुलं घोस्टिंग म्हणतात. काल रात्री बारापर्यंत बोलणारं माणूस आज नाही ते नाही. चूक काय झाली, कोणी सांगत नाही. आपल्याकडेही ‘कळवतो’ म्हणून पोहे खाऊन गेलेले कित्येक अजून कळवतायत, ते खोटं कशाला बोला. पण मधे कोणीतरी मध्यस्थ असायचा. मुलीची आई त्याच्या मानगुटीवर बसायची, तो मुलाकडे खेटे घालायचा, आणि शेवटी उत्तर यायचं, “पत्रिका जुळत नाही.” सगळ्यांना ठाऊक असायचं की पत्रिका उघडूनही पाहिलेली नाही. तरी केवढं सभ्य खोटं ते! मुलीचा रंग नाही, मुलाचा पगार नाही, दोष बिचाऱ्या मंगळाचा. मुलगी एक दिवस रडायची, दुसऱ्या दिवशी पुढचं स्थळ.

आणि त्या मध्यस्थाला लग्न जमायला हवं असायचं. वधुवर सूचक मंडळातल्या बाई नावनोंदणीचे पैसे आधी घ्यायच्या हे कबूल, पण त्यांचं नाव चालायचं ते जमलेल्या लग्नांवर. ॲपचा हिशेब उलटा. जोडी जमली की दोन गिऱ्हाइकं एकदम गेली! महिन्याचे पैसे भरणार कोण? हिंज नावाचं ॲप तर ऐटीत सांगतं, आम्ही डिलीट होण्यासाठीच बनलोय. पण हिंज आणि टिंडर दोन्ही मॅच ग्रुप नावाच्या एकाच कंपनीची. याच कंपनीवर अमेरिकेत काही वापरणाऱ्यांनी दावा ठोकला, की ही ॲप जोडीदार मिळवून द्यायला नाहीत, चटक लावायला बनवली आहेत. तारीख कोणती धरली? 14 फेब्रुवारी 2024! कंपनीने आरोप साफ झटकला. तरी चटकेचं कूळ त्यांच्याच घरात सापडतं. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग केले होते. दाणा कधी पडेल याचा नेम नसला की कबुतर चोच मारायचं थांबतच नाही. फोटो सरकवायची, म्हणजे स्वाइपची कल्पना ज्यांची, त्या टिंडरच्या जोनाथन बदीन यांनी 2018 च्या एका माहितीपटात या कबुतरांशी आपलं नातं स्वतःच सांगितलं आहे. 2025 मध्ये दादरचा कबुतरखाना झाकला तर मुंबईत केवढा गदारोळ झाला. घरोघरच्या पांघरुणातला हा कबुतरखाना मात्र कोणी झाकत नाही.

खोटं वाटत असेल तर आमच्या सोसायटीतलं हळदीकुंकू ऐका. एका काकूंनी भाचीचा फोन हिसकावून घेतला. “बघू तरी कसले दिवे आहेत.” सगळ्याजणी चष्मे लावून वाकल्या. “ह्याचे दात बघ.” गेला डावीकडे. “हा बरा आहे, पण टी-शर्ट इस्त्रीचा नाही.” डावीकडे. “हा छान आहे गं!” “थांब, पुढचा बघू.” भाची ओरडते आहे, काकू, तो खरंच बरा होता! ऐकतंय कोण? मसाला दुधावर साय धरली, वाण वाटायचं राहिलं, एकही मुलगा पसंत पडला नाही, आणि शेवटी ज्या बाईंना या ॲपचा सगळ्यात जास्त संताप होता त्यांनीच विचारलं, “अजून आहेत का गं?”

तेव्हा ठराव असा झाला. आठवडाभर ‘निवांत, निवांत’ करू नका, तिसऱ्या दिवशी चहाला भेटा. उजेडात, गर्दीच्या उडप्याकडे, आपापलं बिल आपण देऊन. एका वेळी एकाशीच बोला. नाही आवडलं तर तसं कळवा. कारण सुचत नसेल तर पत्रिका आहेच, मंगळाला सवय आहे. आणि आवडलं तर ‘पुढचा बघू’ म्हणू नका. हात धरा, छोटा काश्मीरला जा, बाकावर बसा, कोणीतरी बघेल असं वागा. आम्ही नाकं मुरडू, तो आमचा हक्कच आहे. पण काहीतरी करा रे बाबांनो! सोसायटीत एक बरं लफडं नाही. आम्ही चर्चा करायची तरी कशाची, पाण्याच्या टाकीची?