कंपनीचं डीएनएस नुकतंच गळ्यात पडलेल्यांसाठी

अभिनंदन! डीएनएस बघणारा माणूस नोकरी सोडून गेला आणि पासवर्डांची वही तुमच्या टेबलावर आली. घाबरू नका. कोणी नाव विचारलं की आयपी पत्ता सांगायचा, एवढंच काम. एके काळी हे काम अमेरिकेतल्या एका संस्थेत ठेवलेली साधी फाइल करायची. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस आखलं आणि ही जबाबदारी जगभर वाटली गेली. तुमचा वाटा आज पोचला. आपलं ध्येय माफक आहे: बिघाड झालाच तर बोट दुसऱ्याकडे जावं.

१. नेमसर्व्हर किमान दोन हवेत, असा दंडक आहे. तो पाळा. दोन्ही एकाच खोलीत, एकाच स्विचला, एकाच यूपीएसवर ठेवा. ऑडिटवाल्याला आकडा दोन दिसला की तो खूश. यात कमीपणा वाटून घेऊ नका. जानेवारी २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टचे चारही नेमसर्व्हर एकाच नेटवर्कवर होते. राउटरची सेटिंग चुकली आणि साइट जवळजवळ दिवसभर गायब. तुमचे तर दोनच आहेत.

२. डोमेनच्या नोंदी ठेवणाऱ्या झोन फाइलमध्ये पूर्ण नावाच्या शेवटी टिंब द्यायचं असतं. विसरा. मग सर्व्हर डोमेन पुन्हा एकदा मागे चिकटवतो आणि 'मेल.कंपनी.इन'चं 'मेल.कंपनी.इन.कंपनी.इन' होतं. साहेबांची मेल बंद. फाइल दहादा वाचली तरी चूक सापडत नाही. जे लिहिलंच नाही ते दिसणार कसं? साहेब फारच तापले तर स्वीडनचा दाखला द्या. ऑक्टोबर २००९ मध्ये तिथे असंच टिंब राहिलं आणि '.एसई'ची सगळी नावं एका फटक्यात आडवी झाली.

३. झोन फाइलचा सिरियल नंबर. रेकॉर्ड बदललं की हा वाढवायचा, तरच दुय्यम सर्व्हर नवी प्रत उचलतो. रेकॉर्ड बदला, नंबर तसाच ठेवा. अर्ध्या ऑफिसला नवी साइट दिसेल, अर्ध्याला जुनी, आणि दोन्ही गट एकमेकांना वेड्यात काढतील. तुम्ही चहा घ्या. हात सरावला की पुढची पायरी: नंबर तारखेवरून लिहितात, तेव्हा २०२५ च्या जागी २०५२ टाका. आता दुय्यम सर्व्हर त्याहून लहान आकडा ऐकूनच घेणार नाही. सत्तावीस वर्षं थांबा. आकडा वळसा घालून खाली आणायची एक युक्ती आहे, पण ती येते हे कुणाला कळू देऊ नका; रविवारी फोन येतील.

४. सर्व्हर हलवायचा असेल तर टीटीएल (उत्तर कॅशमध्ये ठेवायची मुदत) आदल्या दिवशीच कमी करावा लागतो. तुम्ही तो ८६४०० सेकंदच राहू द्या आणि शुक्रवारी संध्याकाळी पत्ता बदला. कोणी विचारलं तर गंभीर चेहऱ्याने म्हणा, "प्रोपगेशन चालू आहे." प्रत्यक्षात काहीही कुठे पसरत नसतं, लोकांच्या कॅशमधली जुनी उत्तरं एक दिवस मुदत संपायची वाट बघत बसलेली असतात. पण "प्रोपगेशन" म्हटलं की प्रश्न थांबतात.

५. तक्रार आली तर 'डिग' चालवू नका. उत्तर कुठल्या सर्व्हरने दिलं आणि कॅशमध्ये त्याचे किती सेकंद उरले, हे ते लगेच सांगून टाकतं. त्यापेक्षा "कॉम्प्युटर रीस्टार्ट करा" म्हणा. खबरदारी म्हणून प्रत्येक मशीनवर दुसरा डीएनएस म्हणून गूगलचा ८.८.८.८ टाकून ठेवा. आपला सर्व्हर जरा रेंगाळला की मशीन गूगलला विचारेल, पगाराचं आतलं पोर्टल कुठंय? गूगल म्हणेल, असं काही नाहीच. दुर्मिळ बिघाड, कधीच पकडला जात नाही. नेटवर्कचा आराखडा आणि अडचणीत लागणारे फोन नंबर अर्थातच इंट्रानेटवर ठेवा, म्हणजे डीएनएस पडलं की तेही उघडणार नाहीत. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक सुमारे सहा तास बंद होतं, तेव्हा त्यांची आतली साधनंही सोबतच बसली होती.

६. डोमेन रिन्यूअलच्या सूचना जुन्या माणसाच्याच मेलवर जाऊ द्या. त्याचा मेलबॉक्स एचआरने केव्हाच बंद केलाय, उत्तम. डिसेंबर १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्ट (हो, पुन्हा तीच) पासपोर्ट डॉट कॉमचे पैसे भरायला विसरली, हॉटमेलचं लॉगिन अडलं आणि बाहेरच्या एका प्रोग्रॅमरने खिशातून ३५ डॉलर भरले. असा भला माणूस तुम्हालाही भेटेलच. तोवर बिल मंजुरीला पाठवा. अकाउंट्सच्या मॅडम तीन कोटेशनं मागतील.