आंब्याला लागलेला चुना

आमच्या मंगळवार पेठेतल्या घरात माळ्यावर अढी लागली, की एरवी माळ्याचं नाव काढलं तरी गुडघे धरणाऱ्यांना तिथं काहीतरी विसरल्याचं आठवतं. कुणाला कंदील हवा असतो, मला छत्री. एप्रिलात छत्री! वर जाऊन सगळे करतात एकच: पिंजर बाजूला सारायचं, एखादा आंबा अंगठ्यानं दाबायचा आणि हात हलवत खाली यायचं. आज्जी खालूनच ओरडते, "अरं, आंबा अढीत पिकतोय का तुझ्या अंगठ्याखाली?"

देवगडचा हापूस करूळ घाट चढून गगनबावड्यावरनं येतो तेव्हा दगड असतो. चौदा आणे तयार झाला की तो उतरवतात. उरलेले दोन आणे पिंजराच्या उबेत भरायचे. या दोन आण्यांत नेमकं होतं काय, ते एकदा वाचायला घेतलं आणि वाचता वाचता मी आमच्या भिंतीकडंच बघत बसलो.

घर जुनं, चुन्यात बांधलेलं. विटा पक्क्या, पण त्यांना धरून ठेवलंय ते घाणीत मळलेल्या चुन्यानं. आंब्याचं तसंच. गराच्या पेशी म्हणजे विटा, आणि सांध्यातला माल म्हणजे पेक्टिन. त्याच्या लांबलचक साखळ्या एकमेकींना धरून राहतात त्या कॅल्शियमच्या आधारानं, म्हणजे इथंही चुनाच आला. 1825 साली आंरी ब्राकोनो या फ्रेंच रसायनतज्ज्ञानं पेक्टिनचं बारसं केलं ते 'गोठणं' अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. जेली बसते ती याच्या जिवावर. म्हणून तिला पेरू जरा कच्चाच घ्यायचा. फार पिकलेल्या पेरूचा नुसता पाक होतो. पेठ्यासाठी कोहळ्याच्या फोडी चुन्याच्या निवळीत ठेवतात, त्याही हाच सांधा पक्का व्हावा म्हणून.

पिकायची वेळ झाली की आंबा आपणच इथिलीन वायू सोडतो, आणि मग घरातलीच मंडळी भिंत पाडायला लागतात. एक विकर पेक्टिनवरचे मिथाइल गट सोलून काढतं, दुसरं त्या उघड्या पडलेल्या साखळीचे तुकडे करतं. सेल्युलोजच्या तारा बऱ्याचशा शाबूत राहतात, पण त्यांना बांधणारं हेमिसेल्युलोज सैल पडतं. भावकीनं वाडा पाडावा तसं सगळं. फक्त इथं कोर्टकचेरी होत नाही आणि शेवट गोड होतो, कारण तोवर आतल्या पिठाची साखर झालेली असते. रायवळ चोखताना दातांत अडकणारे धागे मात्र या विकरांना दाद देत नाहीत. थोडंसं लाकूडच ते.

एका वर्षी मला अढीचाही धीर निघाला नाही. बाजारातनं पिवळेधमक आंबे स्वस्तात आणले. कापले तर आत पांढरट, कडक, आंबटढाण. पेटीच्या तळाशी कागदाची पुडी निघाली, कार्बाइडची. कॅल्शियम कार्बाइडला ओल लागली की ॲसिटिलीन सुटतो आणि इथिलीनची नक्कल करतो. साल फसते, गर फसत नाही. कायद्यानं त्याला बंदी आहे; इथिलीन वायू ठरलेल्या मर्यादेत चालतो. पण मला गंमत वाटली ती पुडीची. वायू निघून गेल्यावर तिच्यात जी पांढरी पूड उरते, तो रसायनशास्त्राच्या हिशेबानं चुनाच. त्यामुळं त्या विक्रेत्यानं मला चुना लावला, हे मी अलंकारिक अर्थानं म्हणत नाही.

अंगठा तपासतो तो हाच सांधा. पण माल सुटायच्या आधी जोर लावला तर विटाच फुटतात, आणि तिथं आंबा काळा पडतो. आज्जी कधी दाबत नाही. देठापाशी नाक नेते, "उद्या" म्हणते, आणि आंबा उद्याच पिकतो.

यंदाच्या अढीत चार आंब्यांवर काळे डाग निघाले. चारही एकाच मापाच्या अंगठ्याचे. छत्री अजून माळ्यावरच आहे.