आपोआप

शेजारच्या आप्पाकाकांची श्रद्धा एकाच देवावर. त्या देवाचं नाव आपोआप. गळका नळ आपोआप थांबेल, गुडघेदुखी आपोआप बरी होईल, पुण्याचा मुलगा आपोआप फोन करील. निवृत्तीनंतर त्यांनी माशांची टाकी घेतली तीही दुकानदार हा शब्द बोलला म्हणून. "एक सकर सोडा काका, काच आपोआप साफ राहते."

दोन बोटांएवढा, मातकट ठिपक्यांचा सकर काचेला तोंड लावून चिकटला. बाहेरून वाटीसारखे ओठ दिसायचे आणि ते सरकतील तसा शेवाळाचा पट्टा निघून यायचा. "बिनपगारी माणूस!" काका येईल त्याला दाखवायचे. खाल्लेलं शेवाळ दुसऱ्या टोकाने दोऱ्यासारखं बाहेर येतं आणि तळाला त्याची गुंतवळ साचते, हे दुकानदाराने सांगितलं नव्हतं. ते उपसायला काकू होत्या. काका आरामखुर्चीतून मार्गदर्शन करत.

खरं तर हा मासा मूळचा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला, आणि तिकडे कष्टाळू. अंगाला खवले नाहीत, हाडांच्या तकटांचं चिलखत. पाठीवरचा पर उघडला की शीड उभारल्यासारखा. गढूळ पाण्यात प्राणवायू कमी पडला तर वर येऊन हवा गिळतो आणि चक्क जठराने श्वास घेतो. नर काठाच्या मातीत बीळ करून अंड्यांवर पहारा देतो. आमच्या इमारतीत आल्यावर मात्र तो काकांच्या वळणावर गेला. आयते दाणे मिळू लागल्यावर काच कोण चाटणार? दिवसभर लाकडाखाली पडून राहायचा, दाणे पडले की बाहेर. काकाही पोह्यांचा वास आला की बाहेर.

दीड वर्षात तो फूटभर झाला. वळला की शेपटीने झाडं उपटायचा. एकदा पाणी बदलताना काकूंनी त्याला जाळीत धरला, तर त्याने बाजूचे परच फाकवले. त्यांचे काटे जाळीत असे रुतले की सुटता सुटेनात. शेवटी काकूंनी शिवणाची कात्री आणून एकेक घर कापलं. तो बादलीत गुरगुरल्यासारखा पडून. काका म्हणाले, "सोडून देऊ तळ्यात. पुढचं आपोआप होईल."

मला राहवलं नाही. असंच कुणाकुणाचं पुढचं आपोआप होऊन हा मासा उजनीच्या धरणात पोचलाय, म्हटलं. तिथल्या मच्छीमारांच्या जाळ्यात येतो, जाळी फाडतो आणि बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. मेक्सिकोतल्या इन्फिएर्निलो जलाशयातही त्याने तिलापियाच्या मासेमारीचे हाल केले.

"तळ्यात काही सोडायचं नाही," काकू माझ्याकडे नाही, आरामखुर्चीकडे बघत म्हणाल्या. "घरातली ब्याद घरातच राहील."

गेल्या रविवारी गेलो तर काका चक्क उभे. हातात टेप, भिंत मोजत होते. चार फुटी टाकी घ्यायची म्हणाले, बिचाऱ्याला वळायला जागा नाही.

"एवढी मोठी टाकी साफ कोण करणार?" मी विचारलं. आतून भांडं आपटल्याचा आवाज आला.

काकांनी टेप सोडली. ती सर्रकन आपोआप गुंडाळली गेली. "अरे, त्यात दोन सकर सोडू की!"