सगळं धरून

मंगळवारी संध्याकाळी मधल्या भिंतीवर स्टीलचा रिकामा डबा येऊन बसला. डबा काकूंचा. म्हणजे काकू मुंबईहून परतल्या, आणि आता तासभर तरी माझी भाजी फोडणीला पडत नाही. धारवाडच्या माळमड्डीतल्या जुन्या घरांच्या भिंती छातीएवढ्याच आहेत. चोरांचा विचार करून त्या बांधलेल्या नाहीत हे उघड आहे.

"ऊट आतेनरी?" दोन्ही घरांत मराठी, पण भिंतीवरचा पहिला प्रश्न, जेवण झालं का, हा कानडीच असतो.

"साडेपाचला कसलं ऊट, काकू! पाय कसे आहेत ते सांगा आधी."

"आहेत अजून जागेवर. माझं सांगते मग, तुझं दांडेलीचं राहिलंय. सगळं धरून होतं म्हणे?"

इथे मी सावध व्हायला हवं होतं. पण सुट्टीचं वर्णन करायला मिळालं की माणूस वाहवतो.

"सगळं धरून. डोईला साडेतीन हजार. दुपारचं जेवण, चारला चहा-भजी, रात्री शेकोटी आणि जेवण, सकाळी नाश्ता. शिवाय कयाक, पोरांचं ते मोठ्या फुग्यात बसून गडगडायचं, रेनडान्स."

"आणि राफ्टिंग?"

"ते वेगळं."

"जंगलातली जीप?"

"तीही वेगळी."

"मग धरलं काय, टॉवेल?"

काकूंचं हे असं असतं. आता दांडेली म्हणजे आपल्याला अंगणच. धारवाडहून जेमतेम दीड-दोन तास. काळी नदीवर सुपा धरण आहे, तिथून वीज करून पाणी सोडलं की गणेशगुडीला राफ्टिंगच्या रबरी होड्या नाचायला लागतात. पूर्वी आपली माणसं दांडेलीला जायची ती कागद गिरणीत नोकरी लागली म्हणून. आता दर अर्ध्या मैलाला एक पाटी आणि पाटीखाली मोबाईल नंबर. आम्ही भाऊबीज उरकून शनिवारी, २५ ऑक्टोबरला गेलो. रिसॉर्टचं नाव सांगत नाही, उगीच कशाला. 'दोन दिवस' म्हणून पैसे घेतले. खोली मिळाली शनिवारी दुपारी एकला आणि सोडायची रविवारी सकाळी अकराला. बावीस तास. आमच्या घरात हा हिशेब कुणी केला असेल ते काकूंना सांगावं लागलं नाही.

"तो सुटलाच असेल जेवणावर."

सुटले की. पैसे आधी भरलेले असले की आमचे हे जेवत नाहीत, वसुली करतात. जोळद रोट्टी, गोबी मंचुरियन, जिरा राईस आणि वर चार गुलाबजाम, हे सगळं एकाच ताटात. रात्री साडेअकराला सोडा मागायला गेले. सोडा वेगळा.

रेनडान्सचं तर सांगायलाच नको. चारला खरा पाऊस आला. धो धो. पोरं कपडे बदलून तयार, आणि माईकवरून घोषणा: पावसामुळे रेनडान्स रद्द करण्यात येत आहे.

काकू भिंतीला धरून हसल्या. जास्वंदीची दोन फुलं माझ्या बाजूला पडली.

"हसू नका. दुसऱ्या दिवशी तुमचा तो भारत-बांगलादेश सामनाही पावसानं नेलाच की."

"तो आमचा नव्हताच. आमची तिकिटं महिला विश्वचषकाच्या फायनलची."

शेकोटीपाशी ह्यांनी ज्ञान पाजळलं तेही मी सांगून टाकलं. ही 'सगळं धरून' सुट्टीची कल्पना गाजवली ती एका बेल्जियन खेळाडूनं. जेरार्ड ब्लिट्झ त्याचं नाव, वॉटर पोलो खेळायचा. त्यानं १९५० मध्ये स्पेनच्या मायोर्का बेटावर तंबू ठोकून क्लब मेड सुरू केला. राहणं, जेवण, खेळ एकाच पैशांत. पुढे तिथे खिशात पैसे नकोत म्हणून गळ्यात मण्यांची माळ घालायचे. पेय घेतलं की मणी काढून द्यायचे.

"म्हणजे जेवण धरून, पिणं वेगळं," काकू म्हणाल्या. "दांडेलीवाल्यांनी तिथूनच घेतलंय सगळं."

आपल्याकडे केसरी-वीणा वर्ल्डवाल्यांनी मराठी माणसाला ही चटक आधीच लावलेली. स्वित्झर्लंडला जाऊन वरण-भात मिळणार, टूर मॅनेजर डोकी मोजणार, आपण फक्त बसमध्ये आपली सीट शोधायची. काकू त्याला नाकं मुरडतात. मी नाही मुरडत, आणि का ते मी त्यांना सांगितलं. रविवारी सकाळी साडेसहाला मी व्हरांड्यात बसले होते. एका पोरानं चहाचा कप आणून हातात दिला. मी मागितला नव्हता, उकळला नव्हता, गाळला नव्हता. तेवढ्यात समोरच्या उंबरावर धनेशाची जोडी आली, पंखांचा आवाज सुपात जोंधळे पाखडावेत तसा. सगळे माना वर करून बघत होते. मी कपाकडे बघत होते.

काकू पहिल्यांदाच गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "साखर बरोबर होती?"

"बरोबर होती."

"मग साडेतीन हजार फार नाहीत."

आता त्यांची पाळी. मुळात ही फायनल त्यांना बेंगळूरला बघायची होती. जूनमध्ये महिला विश्वचषकाचं वेळापत्रक आलं, त्यात फायनल २ नोव्हेंबरला बेंगळूर नाहीतर कोलंबो. पाकिस्तान आलं तर कोलंबो. काकूंची बहीण मल्लेश्वरमला. वंदे भारतनं जायचं, तिच्याकडे उतरायचं, परत यायचं, राहायचा खर्च शून्य. पण ४ जूनला बेंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानाबाहेर चेंगराचेंगरी झालेली, अकरा माणसं गेलेली. तिथे सामने होतील की नाही हे लटकतच राहिलं, आणि २२ ऑगस्टला ते नवी मुंबईला हलवले. काकूंची बहीण हिरमुसली. काकूंची लेक तीन फोन मांडून बसली आणि तीन तिकिटं मिळवली. साखळी सामन्यांची तिकिटं शंभर रुपयांपासून होती. फायनलला मात्र नशीबच लागायचं. तीन तिकिटं म्हणजे काकू, लेक आणि तेरा वर्षांची नात. काका घरी.

हा काकांवर अन्याय आहे, असं माझं मत आहे आणि ते मी नोंदवलं. क्रिकेट खरं काकांचं. गदगचा सुनील जोशी सरावासाठी रोज पहाटे रेल्वेनं हुबळीला यायचा आणि शाळेच्या वेळेला परत जायचा, ही गोष्ट त्यांनी नातीला इतक्यांदा सांगितली आहे की ती आता 'नैरोबी, १९९९, सहा धावांत पाच' असं आधीच म्हणून मोकळी होते. हुबळीला राजनगरच्या मैदानावर रणजी असली की काका सकाळीच चुरमुऱ्यांचं गिरमीट बांधून निघतात. २०२४ च्या जानेवारीत पडिक्कलनं पंजाबविरुद्ध १९३ केल्या, त्याचं वर्णन भिंतीवरून मला आठवडाभर पुरलं होतं.

"त्यांना नेलं असतं तर त्यांनी क्रिकेट सांगितलं असतं," काकू म्हणाल्या. "मला बघायचं होतं."

फायनलच्या आदल्या दिवशी, शनिवारी, राज्योत्सवाचे लाल-पिवळे झेंडे लागले होते, त्याच रात्री तिघी स्लीपर कोचनं निघाल्या. बेळगाव, कोल्हापूर, पुणे, सकाळी नेरूळ. दिवाळीच्या चकल्यांचा डबा बरोबर. आत बाहेरचं खाणं नेता येत नाही हे स्टेडियमच्या फाटकापाशी कळलं. समोर चहाची टपरी, तिथली बाई साताऱ्याकडची. म्हणाली, ठेवा की इथं, मी आहे रात्रीपर्यंत.

मग पाऊस. तीनची मॅच पाचला सुरू. दोन तास काकू प्लास्टिकच्या खुर्चीत, डोक्यावर धुण्याची पिशवी. पलीकडे नाशिकचं कुटुंब, अलीकडे ठाण्याच्या कॉलेजच्या पोरी. स्मृती मानधना ४५ वर बाद झाली तेव्हा नातीचं तोंड पडलं. सांगलीची म्हणजे तिला ती शेजारचीच वाटते. शेफालीनं ८७ केल्या. ती मुळात संघात नव्हती, प्रतिका रावल जायबंदी झाली म्हणून उपांत्य सामन्याआधी आली. भारत सात बाद २९८.

"आणि मग हरमननं चेंडू दिला कुणाला? शेफालीला! काका असते तर इथे बोंबललेच असते. तिनं लागोपाठच्या दोन षटकांत दोन घेतले."

दक्षिण आफ्रिकेच्या लॉरा वुल्फार्टनं शतक केलं, पण दीप्तीनं पाच बळी घेतले. शेवटचा झेल हरमनप्रीतनं मागे धावत घेतला. मध्यरात्रीच्या आसपास त्या २४६ वर सगळ्या बाद, आपण ५२ धावांनी जिंकलो. नात रडत होती, लेक रडत होती, ठाण्याच्या पोरी काकूंच्याच गळ्यात पडून रडत होत्या. मैदानात हरमन प्रशिक्षक अमोल मुझुमदारच्या पाया पडली. रणजीत धावांचे डोंगर रचून भारताकडून एकदाही न खेळलेला माणूस. काकूंनी हे सांगताना चष्मा पुसला आणि दव पडतंय म्हणाल्या. साडेपाच-पावणेसहाला दव.

बाहेर आल्या तर टपरी उघडी. बाईनं डबा पुढे केला, रिकामा. "गर्दीला चहाबरोबर काहीच नव्हतं ओ मावशी. चांगल्या होत्या." चहाचे पैसे घेतले नाहीत.

"म्हणजे तुमच्या सहलीत चहा धरून," मी म्हणाले.

"तुझी सुट्टी निकाल माहीत असलेली असते," काकू म्हणाल्या. "पाऊस आला तर रद्द."

"निकाल माहीत असला तरी दोन दिवस कुकर लावला नाही मी. तुम्ही आज सकाळी उतरल्या उतरल्या काय केलंत?"

त्यांनी उत्तर दिलं नाही. सकाळी आठला त्यांच्या कुकरच्या तीन शिट्ट्या मी मोजल्या होत्या.

तेवढ्यात काका बाहेर आले. रविवारी तुळशीचं लग्न होतं. त्यांनी वृंदावन रंगवलं होतं, ऊस बांधला होता. पण पाचला टीव्ही लावला तो मध्यरात्रीपर्यंत उठलेच नाहीत. तुळस बिनलग्नाची राहिली आणि रात्रीत कुणाच्या तरी म्हशीनं ऊस खाल्ला.

"पौर्णिमेपर्यंत मुदत असते," काका माझ्याकडे न बघता म्हणाले. "उद्या सहाला लावू. मंगलाष्टकं मी म्हणतो."

"आवळे-चिंचा मी आणते," काकू म्हणाल्या, "ऊस तेवढा तुझ्याकडून. आणि डबा भरून दे, त्यात तुझ्या करंज्या चालतील."